उंदरातलं ‘अ’ जीवनसत्त्व संपवताना

‘अ’ जीवनसत्त्वावाचून रोगप्रतिकारशक्तीचं काय होतं हे उंदरात बघायचं, तर आधी ते उंदरातून घालवावं लागतं. माझ्या पीएचडीचा बराच काळ यातच गेला. मोठ्या उंदराला ‘अ’ नसलेलं खाणं देऊन भागत नाही. यकृतात साठा असतो, त्यावर तो महिनोन्‌महिने खुशाल जगतो. म्हणून सुरुवात आईपासून. मादी गाभण असतानाच तिचं खाणं बदलायचं आणि दूध सुटलं की पिल्लांनाही तेच द्यायचं. रक्तातल्या रेटिनॉलवर, म्हणजे तिथल्या ‘अ’ जीवनसत्त्वावर, विसंबू नये, यकृत रिकामं होत आलं तरी ते फारसं हलत नाही. आम्ही यकृतच तपासायचो.

एथिक्स कमिटीने फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, दोनदा परत पाठवला. इतके उंदीर कशाला, आणि वजन किती घटलं की प्रयोग थांबवणार? तेव्हा राग आला होता. पण डोळे कोरडे पडलेली, वाढ खुंटलेली पिल्लं पाहिल्यावर तो प्रश्न रास्तच वाटला.

खरी कसरत आतड्यातून रोगप्रतिकारक पेशी जिवंत काढण्याची. ते धुवायचं, पेयर्स पॅचेसचे (रोगप्रतिकारक पेशींच्या पुंजक्यांचे) बारीक पांढरट उंचवटे एकेक करून कापून टाकायचे, वरचा थर सोडवायचा, मग ऊती विरघळवून पेशी सुट्या करणारं कोलॅजिनेज हे विकर. जरा वेळ जास्त झाला की पेशी मेल्याच. ‘अ’ जीवनसत्त्वापासून शरीरात बनणाऱ्या रेटिनॉइक ॲसिडला उजेड सोसत नाही, त्यामुळे दिवे मालवून, नळ्या फॉइलमध्ये गुंडाळून काम.

‘अ’ संपलेल्या उंदरांच्या प्लीहेत टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जवळपास नेहमीइतक्या, आतड्याच्या अस्तरात मात्र तुरळक. कारण २००४ सालीच उंदरांवर दाखवलं गेलं होतं: आतड्याकडच्या डेंड्रायटिक पेशी (टी पेशींना परक्या पदार्थांची ओळख करून देणाऱ्या) रेटिनॉलपासून रेटिनॉइक ॲसिड बनवतात, आणि त्यामुळे टी पेशींवर अल्फा-४ बीटा-७ आणि सीसीआर-९ ही प्रथिनं उमटतात. हा आतड्याचा पत्ता. तो नसेल तर पेशी रक्तातच भटकतात. तरी पेशी एकेक करून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरच्या पडद्यावर आपल्याच उंदरांचे ते विरळ ठिपके बघताना पोटात गोळा आला, मग हसू.

घरी सगळ्यांचा एकच प्रश्न: मग गाजरं जास्त खायची का? नाही. टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनासोबत हेच रेटिनॉइक ॲसिड दाह आवरणाऱ्या नियामक टी पेशी वाढवतं, पण आयएल-१५ हे दुसरं संदेशवाहक प्रथिन जास्त असेल तर उंदरांत उलट खाल्लेल्या प्रथिनाविरुद्धच दाह भडकवतं. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या दुसऱ्या बाजूवर आहे, आणि त्यासाठी फॉर्म बी पुन्हा भरलाय.