नाणं आहे का कुणाकडे?

दुपारच्या चहाला ऑफिसखालच्या टपरीवर आमच्यातला एक नवा मुलगा म्हणाला, "नाणं आहे का कुणाकडे? एक गंमत दाखवतो."

सगळ्यांनी खिसे आणि पर्सा चाचपल्या. किल्ल्या निघाल्या, इअरफोन निघाले, ॲसिडिटीची अर्धी स्ट्रिप निघाली. नाणं काही निघालं नाही. चहाचे पैसे स्कॅन करून, रिक्षाचे स्कॅन करून, आता तर देवळातल्या दानपेटीवरही तो काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला असतो. शेवटी टपरीवाल्यानेच डबा खडखडवून एक रुपया काढून दिला. तो इतका बारका की मुलाच्या तळव्यात ठरेचना. निसटला, रस्ता ओलांडून गेला आणि गंमत तिथेच संपली.

मुलाचा काही दोष नव्हता. सत्तरच्या दशकातला तो तांबं-निकेलचा रुपया आठवतो का? २८ मिलिमीटर रुंद, ८ ग्रॅम वजनाचा, कडेला बारीक दाते असलेला. अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्यात आणि समोरच्या कडेत तो असा रुतून बसायचा की हात पालथा केला तरी हलायचा नाही. २०११ पासूनचा रुपया २२ मिलिमीटर भरत नाही आणि वजनाला चार ग्रॅमही नाही. त्याला लपवायचं काय, तो आधीच लपलेला असतो.

खरं म्हणजे या जादूंचं सगळं सामानच हळूहळू खिशातून गेलं. रुमालात काडी गुंडाळून मोडायला द्यायची आणि रुमाल झटकला की काडी अख्खी, हा प्रयोग आता कोण करणार? रुमालाच्या दुमडलेल्या शिवणीत आधीच एक काडी सरकवून ठेवायची असते आणि मोडायला द्यायची ती तीच. पण त्यासाठी रुमाल लागतो, टिश्यूला शिवण नसते. काड्यापेटीची जागा लायटरने घेतली. रिकाम्या काड्यापेटीत आवाज काढायचा तर भरलेली काड्यापेटी मनगटाला बांधून बाहीत दडवावी लागायची. त्यामुळे भर मे महिन्यात एखादा मावसभाऊ लांब बाह्यांचा शर्ट घालून अंगणात आला की आम्हाला सगळं आधीच कळायचं. रबरबँड तेवढा टिकून आहे. दोन बोटांवरून पलीकडच्या दोन बोटांवर उडी मारणारा रबरबँड अजूनही कुठल्याही समारंभात कंटाळलेल्या मुलाला दहा मिनिटं गप्प बसवतो.

आमच्या घराण्यातला जादूगार म्हणजे साताऱ्याचा मामा. त्याच्याकडे पेटारा नव्हता, टोपी नव्हती, कबूतर तर नव्हतंच. पुण्याच्या जादूगार रघुवीरांचा प्रयोग बघून आल्यावर तो बरेच दिवस भारावलेला होता, पण स्वतः मात्र घरातल्या भांड्यांवरच भागवायचा. त्याची हुकमी जादू फुलपात्राची. बाहेरच्या खोलीत तो चौरंगामागे मांडी घालून बसे. चौरंगावर चार आणे (तेच, जे सरकारने ३० जून २०११ला कायमचे गायब केले), त्यावर पालथं फुलपात्र, फुलपात्राभोवती कालचा पेपर घट्ट दाबून बसवलेला. "आता हे नाणं चौरंगातून खाली जाणार," असं जाहीर करून तो मंत्र म्हणे. मंत्र म्हणजे जादूगार गोगिया पाशांकडून उसना घेतलेला गिली गिली. मग पेपरसकट फुलपात्र उचलायचा. नाणं तिथंच!

"गेलं नाही की रे," असं म्हणत तो डोकं खाजवायचा. सगळे पुढे वाकून त्या चार आण्यांकडे बघत. पुन्हा पेपर नाण्यावर ठेवायचा, पुन्हा गिली गिली, आणि एकदम वरून तळव्याचा दणका. पेपर सपाट! नाणं जागेवर आणि फुलपात्र बेपत्ता. मग चौरंगाखाली हात घालून तो फुलपात्र बाहेर काढायचा आणि आतून पाणी मागवून त्यातच प्यायचा.

की लगेच ओरडा, "वन्स मोअर!"

आपल्याकडे हे एक आहेच. संगीत नाटकांनी लावलेली सवय. बालगंधर्वांच्या एकेका पदाला इतके वन्स मोअर मिळायचे की नाटक संपायला पहाट व्हायची, असं आजोबा सांगायचे. गाण्याला ते शोभतं, दुसऱ्यांदा ऐकताना नवी जागा सापडते. जादूत दुसऱ्यांदा सापडते ती नेमकी सापडू नये ती जागा. मामा कधी बधला नाही. १९५६च्या एप्रिलमध्ये जादूगार पी. सी. सरकारांनी बीबीसीवर एका मुलीला करवतीने कापलं, ती हाकेला ओ देईना, आणि तेवढ्यात निवेदकाने येऊन कार्यक्रम संपवला. मुलगी मेली की काय म्हणून लोकांनी फोनवर फोन केले. जादू अशी तिथेच थांबवायची असते म्हणत मामा हा किस्सा वन्स मोअरवाल्यांना ऐकवायचा आणि पत्ते पिसायला घ्यायचा.

जादू चालू असताना मनगट धरणाऱ्यांशी माझं मात्र आजही जमत नाही. "तो दुसरा हात उघड, तो उघड आधी." कळलं असेल तुला, बरं. चहा पी.

मुख्य सांगायचं ते बाजूलाच राहिलं. बाहेरच्या खोलीत मामासमोर बसलेले असत ते बाबा, काका, आजोबा, शेजारचे दोघंतिघं आणि आम्ही मुलं. आई, मावशी, मामी मामाच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात. मी सहावी-सातवीत गेले तशी "पोळ्यांना तूप लाव" म्हणून आत ओढली गेले, आणि त्या मे महिन्यात मी फुलपात्राची जादू पहिल्यांदा दारातून पाहिली. मामाने डोकं खाजवायला एक हात वर नेला आणि पेपर धरलेला दुसरा हात मांडीकडे आला. फुलपात्र अलगद लुंगीच्या खोळीत उतरलं. पेपर मात्र फुलपात्राचाच आकार धरून तसाच उभा. इतकं सरळ! मी तोंड उघडणार, एवढ्यात मामीचा पिठाचा हात माझ्या तोंडावर आला.

"गप. बघ, आता आपटेल."

आपटला. बाहेर एकच गलका. आणि माझ्या कानाशी मामी भरल्या आवाजात ओरडली, "अगंबाई, गेलं कुठे!"

म्हणजे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. आईला, मावशीला, शेजारच्या काकूंनासुद्धा. बाबांना नव्हतं. बाबांनी एकदा मामा आंघोळीला गेल्यावर चौरंग उलटा करून फळीवर टिचक्या मारून पाहिल्या होत्या. आई तेव्हा शेजारीच वाटाणे सोलत बसलेली. तिने चकार शब्द काढला नाही. गारुड्याला ही सोय नसते. एसटी स्टँडबाहेर तो जमिनीवर बसून वर मूठ असलेल्या लाकडी वाट्यांखालून गोळे नाहीसे करायचा, तेव्हा चहूबाजूंनी माणसं असायची आणि मागे उभं राहणारं कुणीच त्याच्या घरचं नसायचं. मामा त्याच्यासमोर गाडी चुकेपर्यंत उभा राहायचा.

मामाची मांडी कधीकधी दगा द्यायची. फुलपात्र लुंगीवरून घसरून फरशीवर ठण्णकन आपटायचं. आणि त्याच क्षणी आतून मामीचा आवाज, "माझ्या हातून पडलं हो भांडं!" बाहेर कुणी मान वळवायचं नाही. फार तर आजी पुटपुटायची.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी साताऱ्याला गेले होते, तेव्हा मामीला सरळच विचारलं, "मामी, ते फुलपात्र पडायचं ना, तेव्हा तुम्ही मुद्दाम ओरडायचात ना?"

ती भाजी निवडत होती. मान वरही केली नाही.

"कुठलं फुलपात्र? माझ्याच हातून पडायची भांडी. सासूबाई म्हणायच्याच, हिच्या हाताला भोकं आहेत."