मनिलातला ३० डिसेंबर

मी मालवाहू जहाजावर चीफ मेट, कॅप्टनच्या खालचा अधिकारी. अर्धं काम डेकवर, अर्धं कागदावर. डिसेंबरअखेर तर ओव्हरटाइमच्या याद्याच डोक्यात असतात. पोलादाच्या कॉइल्स घेऊन आम्ही मनिलाच्या साउथ हार्बरला लागलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लॅशिंग, म्हणजे माल जखडून ठेवणारी बांधणी, सोडायला घ्यायचं, असं मी मेसरूमच्या फळ्यावर लिहून ठेवलं. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आला, त्यानं फळा वाचला, मार्कर उचलून तारखेखाली 'रिझाल डे' लिहिलं आणि निघून गेला.

मला हा दिवस करारातून ठाऊक होता. फिलिपिनो खलाशांच्या सरकारी नमुन्याच्या करारात सुट्ट्यांची यादी असते. त्यात ३० डिसेंबर आहे. त्या दिवशी केलेलं काम ओव्हरटाइममध्ये धरायचं, एवढाच माझा आणि फिलिपिन्स ज्यांना राष्ट्रीय नायक मानतं त्या होसे रिझालांचा संबंध.

रात्री बोसन केबिनवर आला. माल उतरवणारे स्टीव्हडोअर दहाशिवाय येत नाहीत, तोवर वॉच नसलेल्यांना लुनेटावर, रिझालांच्या पुतळ्याच्या मैदानावर, जाऊन येऊ द्या, म्हणाला. लॅशिंगचं आम्ही बघून घेतो. कॅप्टननं होकार दिला. "सर, तुम्हीही चला," बोसन म्हणाला. जहाजावर सेकंड मेट होता. गेलो.

बंदरातून लुनेटाकडे जाणारा रस्ता बोनिफासिओ ड्राइव्ह. आमचा ऑइलर, इंजिनरूममधला खलाशी, तोंडोचा, म्हणजे बंदराच्या शेजारच्याच वस्तीतला. स्पॅनिशांविरुद्ध उठाव करणाऱ्या कातिपुनान या गुप्त संघटनेचे पुढारी आंद्रेस बोनिफासिओही तोंडोचेच. पाटी दिसताच तो म्हणाला, "बघा सर, रिझालकडे जायला बोनिफासिओवरूनच जावं लागतं." एक एबी, डेकवरचा खलाशी, दापितानचा होता, म्हणजे रिझालांना हद्दपार करून ठेवलं त्या गावचा; तो लगेच उसळला. वाद तिथे सुरू झाला तो दिवसभर पुरला.

लुनेटावर गर्दी होती, कठड्यांमागून जे दिसलं ते पाहिलं. झेंडा चढला, मग अर्ध्यावर उतरवला, पुष्पचक्र वाहिलं गेलं. रिझालांचे अवशेष १९१२पासून त्या पुतळ्याखाली आहेत. त्याआधी स्पॅनिशांनी त्यांना पाको दफनभूमीत गुपचूप पुरलं होतं. गोळ्या घातल्या ती जागा पुतळ्यापासून थोडी बाजूला आहे, तिथे बोसननं मला नेलं. १८९६, सकाळी सातच्या ठोक्याला. वय ३५. गोळ्या झाडणारे शिपाई फिलिपिनोच होते, आणि ते कचरले तर त्यांना टिपायला त्यांच्या मागे स्पॅनिश शिपाई उभे. रिझालांनी समोरून गोळी मागितली, ती नाकारली गेली, तेव्हा पडता पडता त्यांनी अंग वळवलं. बोसन हे सगळं काल घडल्यासारखं सांगत होता. मी मनात तारखा जुळवत होतो: पुढच्याच वर्षी पुण्यात रँडचा वध आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला.

आपल्याकडे सुट्टी बहुधा जयंतीची. हे लोक मारल्याच्या दिवसाची पाळतात, आणि तीही नाताळ आणि नववर्षाच्या मधोमध, सगळा देश मौजेत असताना. मला हे आवडलं.

दहाला कॉइल्स उतरायला लागल्या. बोसननं शब्द पाळला, लॅशिंग वेळेत सुटलं. जेवणाला मेसरूममध्ये गेलो तर वाद तापलेला. ऑइलरचं म्हणणं साधं: रिझाल खात्यापित्या घरचे, युरोपात शिकलेले, बोनिफासिओ गोदामात राबणारा माणूस, लढला तो. कातिपुनाननं उठावाआधी दापितानला माणूस पाठवला, तर रिझाल म्हणाले, आत्ता नको, शस्त्रं नाहीत, तयारी नाही.

"आणि तरी त्याच बंडासाठी गोळ्या कुणी खाल्ल्या?" एबीनं विचारलं. मग त्यानं दापितान उलगडलं. चार वर्षांची हद्दपारी. रिझाल डोळ्यांचे डॉक्टर, आईच्या डोळ्यांवरही त्यांनीच शस्त्रक्रिया केलेली. तिथे त्यांनी दवाखाना चालवला, पोरं शिकवली, गावात पाणी आणलं. लॉटरी लागली, त्या पैशातून जमीनही घेतली. कातिपुनानच्या दूतानं संशय नको म्हणून सोबत एक आंधळा रुग्ण नेला होता, तेही त्यानं सांगितलं. ऑइलरला ते माहीत होतं. सगळ्यांनाच होतं. १९५६च्या कायद्यानं तिथे प्रत्येकाला रिझालांचं चरित्र आणि कादंबऱ्या शिकाव्या लागतात, त्यामुळे भांडण पुराव्यानिशी चालतं. फिटरनं मध्येच सांगितलं की राष्ट्रीय नायक कोण, हे कायद्यानं कुठे ठरवलेलंच नाही. त्याचं कुणी ऐकलं नाही.

चीफ कुक काविटेचा. उठावातले दुसरे पुढारी आगिनाल्दो, त्यांचा प्रांत, बोनिफासिओंना १८९७मध्ये मारलं ते आगिनाल्दोंच्याच माणसांनी, आणि रिझाल डे १८९८मध्ये जाहीर केला तोही आगिनाल्दोंनीच. ऑइलरनं त्याच्याकडे वळून हे दोन्ही एका दमात ऐकवलं. कुक म्हणाला, "भात हवाय का नकोय?"

"सर, तुमच्याकडे असा एकच कोण?" एबीनं मला विचारलं. मी घास गिळेपर्यंत आमच्या बंगाली थर्ड इंजिनिअरनं उत्तर देऊन टाकलं, आणि ते गांधी नव्हतं. शेजारचा इलेक्ट्रिशियन गुजरातचा. तेवढ्यात दोन नंबरच्या होल्डमधून वॉकीटॉकीवर हाक आली, मी ताट तसंच ठेवून उठलो.