चुकले तरी थांबायचे नाही

अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहिले, त्या कोल्हापुरात गाणे अजूनही गुरूसमोर बसून, ऐकून उचलले जाते. राजारामपुरीतील माझ्या पियानोच्या क्लासमध्ये येणारी बरीच मुले आधी पेटी शिकलेली असतात आणि त्यांचा कान डोळ्यांच्या फार पुढे धावतो. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या चौथ्या ग्रेडला बसलेल्या आठवीतल्या एका मुलाची सराव-परीक्षा घेताना याचा चांगलाच प्रत्यय आला.

त्याचे तिन्ही पीस पक्के होते. पण साइट रीडिंगचा, म्हणजे आधी न पाहिलेले नोटेशन वाचत लगेच वाजवायचा, तुकडा समोर ठेवल्यावर मिळणारी 30 सेकंदे त्याने पहिला बार (उभ्या रेघांनी आखलेला, ठरावीक मात्रांचा खंड) घोटण्यातच घालवली. नंतर तिसऱ्या बारमध्ये एफ शार्प राहून गेल्याचे कानाला कळताच तो थांबला, मागे आला, सूर नीट लावला आणि मगच पुढे गेला. प्रत्येक चुकीला हेच.

"थांबलास का?"

"सर, चुकलं की! तसंच कसं सोडायचं?"

पेटीच्या रियाजात ही सवय गुणच आहे. साइट रीडिंगच्या 21 गुणांसाठी मात्र एखाद्या चुकलेल्या सुरापेक्षा मोडलेली लय जास्त महागात पडते.

तुकडा सहा-आठमध्ये, म्हणजे दर बारला सहा मात्रांच्या तालात होता. मी पियानोचे झाकण लावले आणि त्यावर उजव्या हाताची ओळ नुसत्या बोटांनी वाजवायला सांगितली. दर बारमध्ये तीन-तीनचे दोन भाग आहेत हे दिसताच तो आपणहून "धा धिं ना, धा ती ना" म्हणू लागला. (हे तबल्यावरच्या दादरा तालाचे बोल; दादरा आणि सहा-आठ एकच नव्हेत, पण त्या क्षणी तो वाद कशाला?) मग तो वाजवत असतानाच मी चालू बार एका पोस्टकार्डाने झाकत गेलो. मागचे दिसेनासे झाल्यामुळे मागे जाऊन दुरुस्त करण्याची सोयच उरली नाही आणि नजर आपोआप पुढच्या बारवर गेली. डाव्या हातात दोन सूर चुकले, तेव्हा त्याने तोंड वाकडे केले, पण बोटे चालूच राहिली.

दाराशी त्याचे वडील उभे होते. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात. "सर, दोनदा चुकला की, तुम्ही अडवलं न्हाई?" असे त्यांनी विचारले. परीक्षक मध्येच अडवत नाहीत आणि एकूण 150 पैकी 100 गुणांना उत्तीर्ण होता येते, हे त्यांना पटवायला मुलाला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी घरी रोज एक ग्रेड खालचा एक नवा तुकडा वाजवायचा आणि त्या वेळी वडिलांनी खोलीत थांबायचे नाही, असे ठरले.