तिसऱ्यांदा बसलेली गाय

पहाटे चारला फोन वाजला, तेव्हाच ओळखलं. "डॉक्टर, गाय परत बसली." दोन दिवसांत तिसऱ्यांदा.

संगमनेर तालुक्यातला सहा गाईंचा गोठा. ही एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित, तिसऱ्या वेताची, बावीस लिटरची. विताना अडली नव्हती, वासरू ठणठणीत. व्यायल्यावर बारा तासांत मान पोटाकडे वळवून बसली होती. कान गार, नाकपुडी कोरडी, शेण बंद, डावी भकाळ (कुशीचा खळगा) तटतटलेली. भकाळीवर स्टेथोस्कोप धरून दोन मिनिटं ऐकलं. एवढ्या वेळात दोन-तीनदा लांबवर ढग गडगडल्यासारखा आवाज यायला हवा. एकदाही आला नाही. हा दुग्धज्वर, म्हणजे व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम उतरणं. कॅल्शियम म्हणजे हाडं आणि दूध, एवढंच लोकांना ठाऊक असतं. पोटाचे स्नायूही त्याच्यावरच हलतात. ते उतरलं की कोठीपोट थांबतं, रवंथ थांबतो, जार अडकतो, सडाचं तोंड नीट मिटत नाही.

तिसऱ्या वेळीही तेच केलं. कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेला आणली, मानेच्या शिरेत सुई घातली, स्टेथोस्कोप छातीवर ठेवला. ठोके अडखळले की नळी चिमटायची, सावरले की सोडायची. ४५० मिलीला मी पंधरा-वीस मिनिटं घेतो. पाच मिनिटांत बाटली रिकामी करून पुढच्या कॉलला पळणारे आमच्यातच आहेत. गाय जागेवर गेली की सांगतात, तिचं हृदयच कमजोर होतं. मला याचा संताप येतो. नीट चाललं असेल तर आधी मांडीचे स्नायू थरथरतात, नाकपुडीवर घामाचे बारीक थेंब फुटतात, मग मोठा ढेकर येतो आणि शेवटी शेण. ते घट्ट, चिकट पापुद्रा धरलेलं पहिलं शेण पडताना पाहायचा मला अजून कंटाळा आलेला नाही.

पाचच्या सुमारास ती उभी राहिली. मालक म्हणाले, "अजून दोन बाटल्या लावूनच टाका." सलाईन जितकं जास्त तितका इलाज मोठा, हे डोक्यातून जात नाही.

वहिनींनी चहा आणला आणि सोबत वही. भाकडकाळाचे दोन महिने, रोजची तारीख. "लसूणघास दोन पेंढ्या. कॅल्शियम १०० मिली." एकही दिवस चुकलेला नाही.

"तुम्हीच सांगितलं होतं ना, कॅल्शियम चुकवू नका म्हणून?"

सांगितलं होतं. मागच्या वेताला, ती भर दुधात असताना. आटवल्यावर बंद करा, हे सांगायचं राहून गेलं.

गाईच्या अंगातलं जवळजवळ ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं; रक्तात फिरतं ते उणंपुरं तीन-चार ग्रॅम. दहा लिटर चिकातून वीस ग्रॅमहून जास्त निघून जातं. ते हाडांतून आणि आतड्यातून उचलायची सवय शरीराला व्यायच्या आधीच लागावी लागते. रोज तोंडातून आयतं मिळत गेलं की ती यंत्रणा सुस्तावते आणि जागी व्हायला दोन-तीन दिवस घेते. तेच दोन-तीन दिवस गाईच्या जिवावर येतात. त्यात घास. घासात पोटॅश मुळातच भरपूर, आणि यांच्या घासाच्या वाफ्यांना गोठ्याचंच शेणमूत जातं. पोटॅशनं रक्त अल्कलीकडे झुकतं. मग गळ्यातल्या ग्रंथीचं संप्रेरक सुटलं तरी हाडं त्याला दाद देत नाहीत. आहारातल्या क्षारांचा तोल फिरवून हे टाळता येतं, हे नॉर्वेत १९७०च्या सुमारास दाखवून झालंय. मी ते परीक्षेत लिहून गुण मिळवलेत. आमच्या शिबिरांत मात्र अजून सरसकट एकच सल्ला असतो, कॅल्शियम द्या. तो देणाऱ्यांत मीही होतो.

शेजारी दुसरी गाय होती, व्यायला तीन आठवडे असलेली. तिच्या निरणाखाली हलक्या हातानं चोळलं, तिनं शेपूट उचलली, मुताच्या धारेत पीएचची, म्हणजे आम्ल-अल्कली दाखवणारी, पट्टी धरली. पट्टी गर्द निळी झाली. आठाच्या वर. या दिवसांत ती साधारण साडेसहाच्या आसपास आणायची असते. पट्ट्यांची डबी माझ्या बॅगेत वर्षभर होती.

त्याच सकाळी तिचा घास आणि कॅल्शियम बंद केलं, ज्वारीचा कडबा आणि मक्याचा मुरघास सुरू केला, पेंडीत रक्ताचा तोल आम्लाकडे फिरवणारं अमोनियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम सल्फेट मोजून मिसळलं. कडू लागतं; पहिल्या दिवशी तिनं गव्हाणीतली पेंड हुंगून सोडून दिली. वहिनींनी थोडं थोडं वाढवत, मुरघासात कालवून ते खाऊ घातलं. पहिली गाय चौथ्यांदा बसली नाही, पण पंधरा लिटरच्या वर काही गेली नाही.

काल संध्याकाळी वहिनींनी पट्टीचा फोटो पाठवला. निळेपणा गेलाय, हिरवट आहे, सातच्या जवळपास. खाली वहीचं पान, तारखेपुढे "कॅल्शियम नाही" असं लिहिलेलं. व्यायला अजून अकरा दिवस आहेत.