बाईंच्या नावानं सांतियागोला

स्पेनमधल्या सारियाहून सांतियागोला पायी निघाले तेव्हा पाठीवरच्या सॅकमध्ये दोन जोड कपडे, रेनकोट, आप्पांनी दिलेली बुक्क्याची पुडी आणि आगाशीच्या सुकेळ्यांचं एक पुडकं होतं. सुकेळी वाटेत वाटायला नेली होती, बाईंच्या वतीनं. बाईंना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

बाई आम्हाला पुण्यात स्पॅनिश शिकवायच्या. मूळच्या आगाशीच्या, घरात वाडवळी बोलणाऱ्या. पहिल्या महायुद्धात मुंबईतल्या जर्मन जेझुइट फादरांना इंग्रज सरकारनं हटवलं आणि पुढे त्यांच्या जागी स्पेनमधले फादर आले. त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्या फादरांकडे बाई तरुणपणी ही भाषा शिकल्या. पहाटे क्वार्टर गेटच्या सिटी चर्चमध्ये मिस्सा आणि तिथून थेट वर्ग, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. पावसात ओल्या छत्रीसह यायच्या, छत्री दाराशी उभी करायच्या आणि पदर खोचून खडू हातात घ्यायच्या. चुकलेलं वाक्य त्या कधी खोडत नसत. ज्यानं लिहिलं त्यालाच मोठ्यानं वाचायला लावत, त्याच्या कानाला खटकेपर्यंत. मी आज भाषांतरावर पोट भरते ते त्या सवयीच्या जोरावर.

आगाशीचं चर्च सेंट जेम्सचं. मराठी बायबलातला याकोब, इंग्रजीतला जेम्स आणि स्पेनमधला सांतियागो हे एकच. ‘सांत’ आणि ‘इयागो’ जोडून म्हणता म्हणता सांतियागो झाला, हे बाईंनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दाखवलं होतं.

वर्गात त्या धर्माविषयी बोलत नसत. एकदाच बोलल्या, तेही व्याकरणासाठी. सुबखुंतिवो हा प्रकार आमच्या डोक्यात शिरत नव्हता. घडलेलंही नाही, घडणारच असंही नाही, अशा गोष्टीसाठी क्रियापदाचं वेगळं रूप कशाला, असं आम्ही विचारत राहायचो. तीन आठवडे गेले. मग एका सकाळी त्यांनी खडू खाली ठेवला. “पसायदान कुणाकुणाला येतं?” जवळजवळ सगळे हात वर. “म्हणा.” आम्ही म्हणत गेलो आणि त्या फक्त क्रियापदं लिहीत गेल्या: सांडो, वाढो, जावो, पाहो, लाहो. “हे सगळं झालंय का? नाही. होणार हे माहीत आहे का? तेही नाही. मागितलंय. तुमच्याकडे हे रूप सातशे वर्षं आहे आणि मला विचारताय कशाला?”

मग शेजारी त्यांनी प्रभूची प्रार्थना स्पॅनिशमध्ये लिहिली आणि तीन शब्दांखाली रेघ मारली: सेआ, वेंगा, आगासे. त्याखाली मराठी, वसईच्या चर्चमध्ये म्हणतात तशी: नाव पवित्र मानले जावो, राज्य येवो, इच्छेप्रमाणे होवो. “हे मी आत्ता तासाभरापूर्वी म्हणून आले,” एवढंच म्हणाल्या आणि धडा पुढे सुरू केला.

त्यांच्या अंत्यविधीला मी आगाशीला गेले, पण चर्चमध्ये अगदी मागे उभी राहिले. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, कळत नव्हतं. फादर म्हणाले, “त्यांना चिरशांती लाभो.” तो ओकार ऐकला आणि मला रडू आवरेना.

पुढे कामिनोची, म्हणजे सांतियागोच्या पायी यात्रेची, एक माहितीपुस्तिका कामासाठी वाचताना कळलं की ही यात्रा मृत किंवा आजारी माणसाच्या वतीनंही करता येते. सांतियागोपर्यंत पायी निदान १०० किलोमीटर चालायचे, वाटेत यात्रेच्या वहीवर रोज दोन शिक्के घ्यायचे आणि सांतियागोच्या कचेरीत तसं सांगायचं. मग ‘कोम्पोस्तेला’ नावाच्या लॅटिन प्रमाणपत्रावर आपल्या नावाबरोबर ‘विकारिए प्रो’, म्हणजे ‘च्या वतीनं’, असं लिहून त्या माणसाचं नाव घालतात. बाई स्वतः कधी कामिनो चालायचं म्हणाल्या नव्हत्या. इच्छा माझीच होती. आप्पांना सांगितलं. आजोबा गेल्यावर त्यांची वारी आप्पांनी धरली, त्यामुळे त्यांना काही समजवावं लागलं नाही. “त्यांची पोचवतेयस, तर मध्ये खंड पडू देऊ नको,” म्हणाले आणि बुक्का दिला.

सारिया ते सांतियागो साधारण ११५ किलोमीटर. मी पाच दिवसांत चालले. ऑक्टोबर होता, गॅलिसियात धुकं आणि वाटेवर चेस्टनटच्या काटेरी बोंडांचा सडा. वारीत लहानपणापासून चाललेल्या माणसाला पहिल्या दिवशी इथली शांतता जड जाते. टाळ नाही, पुढं वीणेकरी नाही, दिंडीत आपली जागा नाही. आपल्याकडे माउली पादुकांच्या रूपानं पालखीतून आपल्याबरोबर चालते, थांबते, मुक्कामाला उतरते. इथे संत शेवटी बसलेला आणि जो तो आपापला त्याच्याकडे निघालेला. सोबतीला फक्त पिवळे बाण. भिंतीवर, दगडावर, झाडाच्या खोडावर. ओ सेब्रेइरो गावचे फादर एलियास वालिन्या यांनी १९८४ मध्ये हातात रंग घेऊन ते काढायला सुरुवात केली. चुकलेल्यासाठी आधीच खूण करून ठेवायची, हे मला शिक्षकाचं काम वाटलं. बाण दिसला की हात लावून पुढे जायचे.

पोर्तोमारीनला धरणाच्या पाण्याखाली जुनं गाव गेलं तेव्हा तिथलं दगडी चर्च दगड सुटा करून, आकडे घालून, वर टेकडीवर पुन्हा बांधलं. ते आकडे अजून भिंतीवर दिसतात. मी बोटानं काही गिरवले. धरणात गेलेली गावं आपल्याकडेही थोडी नाहीत, त्यामुळे तिथून पाय निघेना.

पालास दे रेइ ते आर्सुआ हा टप्पा सर्वांत मोठा, जवळजवळ २९ किलोमीटर. त्या दिवशी डाव्या टाचेला फोड आला. मेलिदेत एका बाकावर बूट काढून बसले. शेजारी एक स्पॅनिश आजी बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी न विचारताच सुई-दोरा काढला, फोडातून दोरा ओवून पाणी काढून दिलं. मी त्यांना सुकेळं दिलं. वास घेतला, चावून बघितलं आणि विचारलं, “अंजीर का गं?” म्हटलं, केळं आहे, माझ्या स्पॅनिशच्या शिक्षिकेच्या गावचं. मी तिच्या वतीनं चालतेय. आजींनी उरलेलं सुकेळं रुमालात गुंडाळलं आणि म्हणाल्या, “दिओस से लो पागे.” देव तुमचं ऋण फेडो. पागार, पागे. आभार मानायलाही या भाषेत तेच रूप. बाईंनी हे वाक्य शिकवलेलं नव्हतं, पण ऐकताक्षणी कळलं.

शेवटच्या दिवशी पहाटे अंधारात निघाले. निलगिरीच्या रानात पाऊस, मग मोन्ते दो गोसोची टेकडी, तिथून कॅथेड्रलचे मनोरे. कॅथेड्रलमध्ये वेदीच्या मागून अरुंद जिन्यानं वर जातात आणि संताच्या मूर्तीला पाठीमागून मिठी मारतात. माझी पाळी आली तेव्हा मी संताच्या खांद्यांवर हात टाकले आणि बाईंचं नाव घेतलं. बाहेर येऊन आप्पांना फोन लावला.

“दर्शन झालं?”

“झालं. इथं मिठी मारतात, आप्पा.”

थोडा वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, “पूर्वी पांडुरंगालाही आलिंगन द्यायचे. आता नाही मिळत. तुला मिळालं.”

संध्याकाळच्या मिस्सेला बसले. बोटाफुमेइरो, ती पन्नास किलोंहून जड धूपदाणी, त्या दिवशी झुलवली नाही. ती रोज झुलवत नाहीत. प्रभूच्या प्रार्थनेला लोक उठले तसे मीही उठले. या वेळी मी मागे नव्हते, चौथ्या रांगेत होते. आजूबाजूला स्पॅनिश चालली होती. मी बाईंच्या फळ्यावरची मराठी म्हटली. जावो, येवो, होवो. कम्युनियनच्या, म्हणजे वेदीपाशी जाऊन प्रसादाची भाकर घेण्याच्या, वेळी जागेवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुआ दास कार्रेतासवरच्या यात्रेकरूंच्या कचेरीत गेले. खिडकीपलीकडच्या स्वयंसेवकानं शिक्के मोजले, तारखा पाहिल्या. मी बाईंचं नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेलं होतं. त्यानं ते वाचायचा प्रयत्न केला, अडखळला. मी सावकाश म्हणून दाखवलं, त्यानं पुन्हा म्हटलं, मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

“आई का?” त्यानं विचारलं.

“माएस्त्रा,” म्हटलं. शिक्षिका. “त्या वारल्या.”

त्यानं पेन थांबवलं. “के एन पाथ देस्कान्से,” शांतीत विसावोत, म्हणाला आणि मग लॅटिन ओळीखाली बाईंचं नाव लिहायला घेतलं. देस्कान्सार, देस्कान्से. मी मनात दोन्ही रूपं म्हटली, वर्गात म्हणायचो तशी.

तो कागद आता आगाशीत आहे. बाईंच्या धाकट्या बहिणीनं तो घरातल्या वेदीवर, माळेशेजारी ठेवला. निघताना त्यांनी सुकेळ्यांचं नवं पुडकं माझ्या हातात दिलं. ते यंदा आषाढीला आप्पांच्या पिशवीतून निघेल.