जेट लॅग: ऊन कधी घ्यायचं आणि कधी टाळायचं

न्यूयॉर्कहून संध्याकाळी साडेसहाला निघालेलं विमान सात तासांनी लंडनला उतरतं, तेव्हा तिथे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. शरीराच्या लेखी मात्र मध्यरात्रीचा दीड. इमिग्रेशन, सामान, गाडी असं करत आपण आठ-साडेआठला शहरात पोचतो आणि हमखास मिळणारा सल्ला आठवतो: लगेच उन्हात फिरा. माझ्या मते जेट लॅगवरचा हा सगळ्यात अर्धवट सल्ला. ऊन हेच खरं औषध, पण चुकीच्या तासाला घेतलं तर ते उलट काम करतं.

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावरून ते रोज थोडं जुळवून घेतं. आपण नेहमी ज्या वेळी उठतो त्याच्या साधारण अडीच तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, आणि सगळा हिशोब या तळाभोवती फिरतो. तळाच्या आधीच्या काही तासांतला उजेड घड्याळ उशिराकडे ढकलतो, नंतरच्या काही तासांतला लवकरकडे ओढतो. तळापासून दूर, भर दुपारी, फारसा परिणाम होत नाही.

आता लंडनचं गणित करू. न्यूयॉर्कला सातला उठणाऱ्याचा तळ साडेचारला, म्हणजे लंडनच्या साडेनऊला. पूर्वेकडे आल्यामुळे घड्याळ लवकरकडे न्यायचं आहे. म्हणून पहिल्या दिवशी साडेनऊपर्यंत गडद गॉगल लावायचा, गाडीत खिडकीपासून लांब बसायचं. खोली मिळाली तर पडदे ओढून पडायचं, जास्तीत जास्त दीड तास. त्यानंतर बाहेर पडायचं आणि दोन-तीन तास बाहेरच राहायचं. आभाळ भरलेलं असलं तरी चालेल. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स (उजेड मोजण्याचं एकक) उजेड असतो. घरातल्या दिव्यांखाली तो बहुधा ५००च्याही खालीच असतो, त्यामुळे काचेआड दिव्याखाली बसून तो परिणाम मिळत नाही. दुसऱ्या दिवशी तळ साधारण तासभर अलीकडे आलेला असतो, तेव्हा साडेआठपासून बाहेर. असंच रोज. (मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर या दोन शहरांत पाचऐवजी चारच तासांचा फरक असतो. घड्याळं बदलण्याच्या तारखा वेगळ्या असतात म्हणून. हिशोब करण्याआधी तो बघून घ्या.)

हे गॉगलचं लोढणं नको असेल तर तयारी घरून करावी लागते. निघण्याआधी तीन दिवस रोज तासभर लवकर झोपायचं, तासभर लवकर उठायचं आणि उठल्याबरोबर भरपूर उजेडात जायचं. तीन तास नाही तरी दोन तास नक्की सरकतात. मग तळ लंडनच्या साडेसातला येतो आणि विमानतळाबाहेरचं सकाळचं ऊन आपल्या बाजूने काम करतं. तीन दिवसांपेक्षा जास्त खटाटोप मला पटत नाही. घरचे व्यवहार विस्कटतात आणि निघताना आपण आधीच थकलेले असतो.

विमानातली झोप या मार्गावर अवघडच. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीर सगळ्यात जास्त जागं असतं आणि हे तास नेमके विमानातच येतात. त्यात जेवण तासा-दीड तासाने येतं आणि उतरण्याआधी तासभर केबिनचे दिवे लागतात. जेवण घेतलं तर हातात जेमतेम चार तास उरतात. म्हणून विमानतळावरच जेवून घ्यावं, डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, आणि पट्टा पांघरुणाच्या वरून बांधावा, म्हणजे तो तपासायला कोणी उठवत नाही. मद्याने डोळा लागतो, पण झोपेचा दुसरा अर्धा भाग तुटक होतो. केबिनमधली आर्द्रता बहुधा २० टक्क्यांखाली असते, तेव्हा पाणी पीत राहा. मात्र घसा कोरडा पडणं, पाय सुजणं, डोकं जड होणं हा प्रवासाचा शीण आहे, जेट लॅग नव्हे. उत्तर-दक्षिण प्रवासात शीण तेवढाच येतो आणि एका झोपेत जातो.

दुपारी पेंग येणारच. २० ते ३० मिनिटांचा गजर लावून डुलकी घ्या, पण तीनच्या आत. त्यापेक्षा जास्त झोपलात तर गाढ झोपेतून उठून तासभर सुन्न वाटतं आणि रात्रीची झोप पळते. शेवटची कॉफी दोनला: कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. त्या दिवशी गाडी मात्र चालवू नका.

पहिली रात्र फसवी असते. जागरणामुळे दहाला आडवं होताच झोप लागते आणि वाटतं, सुटलो. खरी परीक्षा दुसऱ्या रात्रीची, कारण थकवा उतरलेला असतो पण घड्याळ अजून मागेच. मेलाटोनिनचा, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळवणाऱ्या संप्रेरकाच्या गोळीचा, उपयोग इथे. पहिल्या तीन-चार रात्री, तिथल्या झोपेच्या वेळी, ०.५ ते ३ मिलिग्रॅम, लगेच विरघळणारी गोळी. जास्त मात्रेने घड्याळ जास्त सरकत नाही. काही देशांत ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. अपस्मार असणाऱ्यांनी आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. इन्सुलिनच्या वेळाही निघण्याआधीच त्यांच्याकडून लिहून घ्याव्यात.

परतीचा प्रवास सोपा. माणसाचं घड्याळ मुळातच २४ तासांहून किंचित लांब, त्यामुळे उशिराकडे सरकणं त्याला मानवतं: पश्चिमेकडे रोज साधारण दीड तास, पूर्वेकडे जेमतेम एक. न्यूयॉर्कला मावळेपर्यंत बाहेर राहायचं आणि पहाटे तीन-चारला जाग आली तर दिवा किंवा फोन न लावता अंधारात पडून राहायचं. त्या वेळचा उजेड उलट दिशेला ओढतो.

फरक आठ-नऊ तासांच्या पुढे गेला की पूर्वेकडे जातानाही घड्याळ उशिराकडे नेणं सोयीचं पडतं. हिवाळ्यात लंडनहून टोकियोला गेलात तर तळ तिथल्या दुपारी दीडला येतो. सकाळच्या उन्हात हिंडलात तर घड्याळ एका दिशेला, दुपारनंतर हिंडलात तर दुसऱ्या. दोन्ही केलंत तर आठवडा त्यातच जातो. एक दिशा ठरवा आणि उरलेल्या वेळात गॉगल लावा.

दोन रात्रींपुरतं जायचं असेल तर यातलं काहीच करू नका. लंडनमध्ये न्यूयॉर्कच्या वेळेवरच राहा, उशिरा झोपा, उशिरा उठा आणि कामाच्या भेटी दुपारी दोननंतर ठेवा. तेव्हा शरीराचे सकाळचे नऊ वाजलेले असतात.