स्टीलचा शाफ्ट आणि बारा सूत

सातपूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये रोजचं काम गेज आणि फिक्स्चरचं. नाशकात रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ सांगितलं तर तो अनंत कान्हेरे मैदानावर सोडतो, आणि तिथे खेळतात क्रिकेट. त्यामुळे गोल्फची काठी टेबलावर येणं तसं नवलाचंच. डिसेंबरात एक निवृत्त फौजी साहेब ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची गोल्फची काठी, घेऊन आले. ग्राफाइटचा शाफ्ट, म्हणजे दांडा, काढून स्टीलचा बसवायचा. लांबी होती तीच, ४५ इंच. “एक सूतही कमी नको,” एवढी एकच अट.

शाफ्ट त्यांनीच आणला होता. आधी टोक व्हर्निअरने मोजलं: ८.५ मिमी, म्हणजे ०.३३५ इंच. वुडचाच होता, म्हणजे ड्रायव्हरसारख्या मोठ्या डोक्याच्या काठीचा. पुष्कळदा इथेच फसगत होते. आयर्नचा, म्हणजे धातूच्या चपट्या पात्याच्या काठीचा, शाफ्ट टोकाला ९ किंवा ९.४ मिमी असतो, तो ड्रायव्हरच्या हॉझलमध्ये (काठीच्या डोक्याची, म्हणजे हेडची, शाफ्ट बसवायची नळी) शिरत नाही. भोक मोठं करावं, तर टायटॅनियमची भिंत मुळातच पातळ.

जुना शाफ्ट रबरी जबड्यात धरून हॉट एअर गन फक्त हॉझलवर फिरवली, हेडच्या पाठीवर ओलं फडकं, नाहीतर रंगाला फोड येतात. शंभर अंशांच्या पुढे एपॉक्सी, म्हणजे हेड चिकटवणारा गोंद, नरम पडतं. मग हेड सरळ ओढायचं, पिळायचं नाही; पिळलं की ग्राफाइटचे धागे तुटतात आणि शाफ्ट वाया जातो. स्टीलला पिळलेलं चालतं.

भोकातला जुना एपॉक्सी पूर्ण खरवडला. राहिलेला तुकडा पुढे हेडमध्ये खुळखुळतो. नव्या शाफ्टचं टोक ३५ मिमीपर्यंत ८० नंबरच्या एमरीने घासलं, क्रोमची चमक जाऊन राखाडी धातू दिसेपर्यंत. क्रोमवर एपॉक्सी धरतच नाही. महिनाभर खेळून उडालेली हेडं बहुतेक याच आळसाची असतात. मग फेरूल (जोडावर बसणारी कडी), भोकात आणि टोकावर दोन्हीकडे एपॉक्सी, आणि गोल फिरवत हेड तळापर्यंत. ग्रिप आधी चढवायची नाही. मागचं तोंड बंद असेल तर आत हवा कोंडते आणि हेड हळूच दोनेक मिमी वर सरकतं.

पाकिटावर २४ तास लिहिलेले असतात, पण ते साधारण २५ अंशांना. नाशिकच्या डिसेंबरात रात्री पत्र्याच्या शेडमध्ये तेवढी ऊब कुठली? हेड खोक्यात ठेवून आत ६० वॅटचा बल्ब लावला आणि दोन दिवस हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी डबल टेप, टर्पेंटाइन, ग्रिप. साहेबांनी काठी उचलली, एकदा फिरवली आणि म्हणाले, “हा तर घण झाला.”

स्विंगवेटचा, म्हणजे फिरवताना हेड किती जड लागतं ते सांगणारा, काटा आमच्याकडे नाही, पण हिशोब अवघड नाही. काठी सुरीच्या धारेवर तोलून मागच्या टोकापासून तोलबिंदू मोजायचा, त्यातून १४ इंच वजा करायचे आणि उरलेल्या इंचांना ग्रॅममधल्या एकूण वजनाने गुणायचं. साधारण ६०५० आलं तर डी ०. पुढे दर ५० ला एक पायरी, डी ९ नंतर ई ०. जुनी काठी ३१२ ग्रॅम, तोल ८६० मिमीवर, म्हणजे डी ३. नवी ३७४ ग्रॅम, तोल ८०८ वर: ई २. नऊ पायऱ्या जड! खरं तर हे गणित कोरड्या, म्हणजे एपॉक्सी लावण्याआधीच्या जोडणीतच करायचं असतं. अटीच्या नादात ते राहिलं, चूक आमचीच.

साहेबांना आकडे दाखवले. पूर्वी स्टीलचे ड्रायव्हर ४३ ते ४३.५ इंचांचे असत, ते उगाच नव्हे. साहेब कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, “कापा.”

ग्रिप चिरून काढली, पाइप कटरने मागून ३८ मिमी कापले. टोकाला कधीच कापत नाही, तिथला सरळ भाग थोडाच असतो, शिवाय शाफ्ट आणखी ताठ होतो. एपॉक्सीच्या जोडाला धक्का नाही. नवी ग्रिप चढवून पुन्हा तोललं: ३७० ग्रॅम, ७८४ मिमी. डी ४ च्या जवळ.

साहेबांनी कापलेला तुकडा खिशात टाकला. दीड इंच, म्हणजे बारा सूत.